मोडली ती कोण?

वसुमती आणि तिची धाकटी जाऊ सरोजा तंजावरच्या घरी कागदाच्या लगद्याच्या बाहुल्या करत. डोके, कंबर आणि घागरा वेगवेगळे घडवायचे आणि तारेवर असे बसवायचे, की नुसत्या वाऱ्याने बाहुली मान डोलवते. १९९५ साली बंगळूरच्या एका कंपनीने परदेशी पाठवायला एकशेवीस बाहुल्या मागवल्या. रंगकाम वसुमतीने केले, खोकी सरोजाने भरली.

कंपनीची पत्रे इंग्रजीत येत. दर वेळी ती घेऊन शेजारच्या वादिराजांच्या दारात उभे राहणे वसुमतीला नकोसे झाले, म्हणून बेचाळिसाव्या वर्षी ती भागीरथीबाईंच्या इंग्रजीच्या वर्गाला जाऊ लागली. शाळेतून निवृत्त झालेल्या बाईंनी दोन महिने एकच गोष्ट घोटून घेतली. आधी क्रियापद शोधायचे, मग त्याला ‘कोण?’ विचारायचे, उत्तर येईल तो सब्जेक्ट, म्हणजे कर्ता. तो क्रियापदाला चिकटूनच असेल असे समजू नका, मधे पाहुणे येऊन बसतात, असे त्या बजावत.

पुढचे पत्र आले तेव्हा वसुमती रंग आणायला कुंभकोणमला गेली होती. सरोजाने ते वादिराजांना दाखवले. ते ओरत्तनाडुच्या सरकारी कचेरीत कारकून होते आणि त्यांची बस सुटायची वेळ झाली होती. उभ्या उभ्या नजर फिरवून त्यांनी सांगितले, की सरोजाने बांधलेल्या बाहुल्या मोडल्या आणि कंपनीने खुलासा मागितला आहे.

वसुमती परतली तेव्हा चूल पेटलेली नव्हती. सरोजा पेंढ्याच्या ढिगाशेजारी बसून होती. यापुढे खोक्यांना हात लावणार नाही, दुसरे कोणी बघा, एवढेच ती बोलली.

वसुमतीने पत्र उघडले. ‘वन ऑफ द डॉल्स पॅक्ड बाय युवर सिस्टर वॉज ब्रोकन. काइंडली एक्स्प्लेन हर पॅकिंग.’ कंपनी सरोजाला तिची बहीणच समजत होती. वसुमतीलाही आधी बाहुल्या, बहीण आणि मोडतोडच दिसली. मग तिने पेन्सिल घेतली आणि ‘वॉज’खाली रेघ ओढली. कोण? बहीण तर मोडली नव्हती. ‘डॉल्स’ असत्या तर ‘वेअर’ आले असते. ती एकेक शब्द मागे सरकत गेली आणि अगदी सुरुवातीच्या ‘वन’पाशी पोचली.

“सरोजा,” ती म्हणाली, “बाहुल्या मोडल्या नाहीत. बाहुली मोडली. एक.”

“मग खुलासा कशाला मागतात, अक्का?”

दोघी पत्र घेऊन भागीरथीबाईंकडे गेल्या. बाई वाचून हसू लागल्या. वादिराजांच्या कचेरीत तो शब्द फक्त चुकीचा जाब विचारणाऱ्या मेमोत येतो, त्या म्हणाल्या. इतर जगात ‘एक्स्प्लेन’ म्हणजे समजावून सांगा. इतक्या लांबच्या रस्त्याने एकशेएकोणीस बाहुल्या धड पोचल्या, त्या कशा बांधल्या हे त्यांना हवे आहे.

उत्तर वसुमतीने स्वतः लिहिले. बाहुल्या पेंढ्यात बांधल्या जातात, असे पहिले वाक्य तिने वाचून दाखवले, तेव्हा सरोजाने विचारले, “यात मी कुठे आहे?” वसुमतीने ते खोडले आणि सरोजाला वाक्याच्या तोंडाशी बसवले. पुढे तिने मोठ्या उत्साहाने ‘शी स्लीप्स द डॉल्स’ असे लिहिले होते. बाईंनी ते सुधारले. बाहुली आपण निजवतो, पण इंग्रजीत तिला ‘स्लीप’ करता येत नाही, आडवी ठेवायला ‘ले’ म्हणावे लागते.

तीन आठवड्यांनी तीनशे बाहुल्यांची मागणी आली. शिवाय सरोजाने दोन दिवस बंगळूरला येऊन त्यांच्या माणसांना बांधणी दाखवावी, अशी विनंती होती. वादिराज ओशाळून घरी आले, सरोजाचे तिकीट काढून द्यायला स्टेशनवर गेले आणि परतताना वसुमतीला वर्गाची वेळ विचारून गेले.

सरोजा बंगळूरला सात जणांना पेंढा मऊ करून बाहुलीच्या कमरेभोवती वळायला शिकवून आली. इंग्रजीचे कसे जमवलेस, असे वसुमतीने विचारले. त्याची गरजच पडली नाही, सरोजा म्हणाली. सातांतले चौघे तमिळच बोलत होते आणि उरलेल्यांना तिने हात धरून दाखवले.