ताओहूचं गुरगुरणं

ताओहू धापा टाकत असतो तेव्हा त्याची जीभ उजवीकडे लोंबते. मग आवाज न होता ती आत जाते आणि तोंड मिटतं. ओठ वर उचलला जात नाही, मानेवरचे केस उभे राहत नाहीत, शेपूटही हलत नाही. त्यानंतर तो चावतो. मधे हात मागे घेण्याइतकाही वेळ मिळत नाही.

थायलंडमधल्या लाम्पांगजवळच्या एका विहारामागे आमचं कुत्र्यांचं आश्रयघर आहे. लोक नकोशी झालेली कुत्री विहारात सोडतात आणि पुढे वाढदिवसाला येऊन त्यांनाच खाऊ घालून पुण्य जोडतात. मी इथली प्राण्यांची डॉक्टर; बिथरलेल्या कुत्र्यांना माणसांत राहायला शिकवून घर मिळवून देणं हे माझं काम. बाकीचा कारभार बुनमा मावशींचा.

पुण्य जोडायला आलेल्या माणसावर गुरगुरणं म्हणजे मावशींच्या मते घोर असभ्यपणा. ताओहू पिल्लू असताना गुरगुरला की त्या त्याच्या नाकावर रबरी चपलेचा फटका देत. तो लवकर शिकला. गुरगुरणं थांबलं, भीती होती तिथेच राहिली. मावशी मात्र पाहुण्यांना सांगायच्या, ‘‘बघा, भिक्खूसारखा शांत!’’

मी त्याला पुन्हा गुरगुरायला शिकवत होते. ओठ जरा हलला की मी मांसाचा तुकडा टाकून मागे सरायचे. पावसाळा असाच गेला. शेवटी एका सकाळी त्याच्या घशातून आवाज निघाला, न वापरलेल्या नळातून निघतो तसा. मी तुकड्यांची सगळी पिशवी त्याच्यापुढे रिकामी केली. पुढच्या उपोसथाला, विहारात भाविकांची गर्दी होते त्या व्रताच्या दिवशी, तोच आवाज त्याने एका निवृत्त हेडमास्तरांवर काढला आणि मावशींनी सगळ्यांदेखत चप्पल उगारली. त्यानंतर ओठही हलला नाही. तेव्हापासून मला जे म्हणायचं होतं, ते आमच्याकडे कुणी तोंडाने उच्चारत नाही. मीही उच्चारलं नव्हतं.

आज रम्फाबाई आल्या. आमचं नवं छप्पर त्यांनी बांधून दिलेलं. सोबत पाच वर्षांची नात, खिम. तिच्या काखेत बाहुली होती.

‘‘हाच हवा मला,’’ रम्फाबाई म्हणाल्या. ‘‘बाकीचे किती बोंबलतात! हा कसा घरंदाज.’’

‘‘माझ्या हातचा आहे, बाईसाहेब. तोंडातून ब्र काढत नाही,’’ मावशी म्हणाल्या.

‘‘लहान मूल असलेल्या घरी याला देता येणार नाही,’’ मी म्हणाले.

‘‘आमच्या डॉक्टरांना शिव्या देणारं कुत्रं आवडतं,’’ मावशी हसल्या. ‘‘अख्खा पावसाळा त्याला गुरगुर शिकवत बसल्या. पगार घेऊन!’’

रम्फाबाईही हसल्या. ‘‘मी गाडीत चादर अंथरून आलेय हं, डॉक्टर.’’

मी खिमकडे तिची बाहुली मागितली. तिने लगेच दिली. ती काठीला बांधून मी जाळीच्या फटीतून आत सरकवली, लहान मूल चालतं तशी, थांबत थांबत. ताओहूचं तोंड मिटलं. पुढच्या क्षणी बाहुलीचा चेहरा त्याच्या दातांत होता. तो सोडेना. झटके देत राहिला, तेही न गुरगुरता.

खिम रडली नाही. तिने स्वतःच्या गालाला हात लावून पाहिलं.

‘‘पोरीसमोर असं करतात?’’ रम्फाबाईंनी तिला ओढलं. ‘‘तुम्हीच चिडवलंत त्याला. शिकलेल्या बायका या!’’ त्या निघून गेल्या.

‘‘झालं समाधान?’’ मावशी माझ्याकडे वळल्या. ‘‘आता त्याला कोण नेणार?’’

‘‘कुणीच नाही.’’

‘‘मग टाकू मागच्या पिंजऱ्यांच्या ओळीत. खाणं लांबून सरकवायचं. मरेल तेव्हा मरेल. कुणाच्या माथी पाप नको.’’

मागच्या ओळीत एक काळी कुत्री आहे. ती दिवसभर एकाच दिशेने गोल फिरते. तिच्या पावलांखालचं सिमेंट गुळगुळीत झालं आहे. तिच्या शेजारच्याने स्वतःची शेपूट हाडापर्यंत कुरतडली. मी पट्टी बांधते, तो ती फाडतो. दोघंही जिवंत आहेत, म्हणून मावशी पहाटे बुद्धासमोर समाधानाने हात जोडतात.

मावशींनी पिंजऱ्याचं दार उघडलं. ताओहू त्यांच्या गुडघ्याला डोकं घासू लागला. त्यांना तो कधीच चावला नव्हता.

‘‘चल रे लबाडा. मोठा हिरो झालास ना आज?’’ गळ्यात दोरी अडकवून त्या त्याला मागच्या बाजूला नेऊ लागल्या.

‘‘मावशी, थांबा. तिकडे नको. उपचारखोलीत आणा.’’

‘‘कशाला? लस तर झाली त्याची.’’

‘‘मी त्याला मारणार आहे,’’ मी म्हणाले. ‘‘इंजेक्शन देऊन, आत्ता. आणि तुम्ही त्याला धरून बसणार आहात.’’