कोवळा फुटवा

माणसाला घाम फुटायला काय लागतं? कुणाला साप लागतो, कुणाला चोर, कुणाला घरमालक. मातीबाईंना भिंतीवर पडलेला स्वतःच्याच शेताचा एक फोटो पुरला.

मातीबाई हे काही त्यांचं आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. बाई पिशवीत माती घेऊन हिंडायच्या. समोर बँकेचा साहेब असो नाहीतर चहावाला, मूठभर माती त्याच्या नाकाखाली धरायची आणि विचारायचं, "वास आला?" आला म्हणेपर्यंत हात मागे जायचा नाही. नांगर टाका, जमीन उघडी ठेवू नका, आठ-दहा जातींचं बी एकत्र पेरा, वाढलं की आडवं करा, त्यावर गुरं चरू द्या, शेण तिथंच पडू द्या, असं त्या वर्षानुवर्षं सांगत आल्या होत्या. आधी लोक हसले. मग जगभर सगळीकडेच वारं फिरलं, सरकारं आणि विद्यापीठं तेच बोलायला लागली, आणि हसणारे खुर्च्या पुढे ओढून ऐकायला बसले. आता तर एका बियाण्यांच्या कंपनीनं त्यांच्या दहा जातींच्या मिश्रणाची पोती काढायची ठरवली होती, वर बाईंचा चेहरा छापून. चेहरा काही फार देखणा नव्हता, पण बियाण्याच्या पोत्यावर कोण देखणेपण बघतो?

तर त्या सकाळी बाई तालुक्याच्या प्रशिक्षण केंद्रात उभ्या राहून बोलत होत्या. पडदे ओढलेले, पंखा कुरकुरतोय, समोर पंचवीस-तीस शेतकरी, मागच्या रांगेत एकजण बिनधास्त झोपलेला.

"आता एका गोष्टीची खूणगाठ बांधा," बाई म्हणाल्या. "मिश्रणात ज्वारी आहे. ती आडवी केली, वर उन्हाचा ताण बसला आणि मग पाऊस पडला, की बुडातून कोवळा फुटवा येतो. दिसायला लोण्यासारखा, पण गुरांना तो विष आहे. गुडघ्याच्या वर जाईपर्यंत जनावर त्यात सोडायचं नाही. पोटात गेला की तासाभरात गाय आडवी होते."

हे त्यांनी इतक्या वेळा सांगितलं होतं की तोंड आपोआप बोलायचं आणि मन दुसरीकडे फिरून यायचं. बोलता बोलता त्यांनी बटण दाबलं. भिंतीवर पुढचं चित्र आलं. आदल्या संध्याकाळी काढलेला स्वतःच्या वरच्या तुकड्याचा फोटो, हौसेनं सकाळीच घातलेला. आडव्या पडलेल्या राखाडी धाटांमधून बोटभर उंचीचा पोपटी फुटवा सगळ्या शेतभर वर आलेला.

"वा, काय हिरवंगार आहे," पुढचा एकजण म्हणाला.

बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. कारण त्याच संध्याकाळी, तो फोटो काढून झाल्यावर, त्यांनी दादाला फोन केला होता.

दादा म्हणजे सख्खा थोरला भाऊ. वडिलांमागं बाईंनी शेत घेतलं आणि दादानं गाई घेतल्या. वाटणीवरून भांडण नाही, ज्याला ज्याचं वेड त्यानं ते घेतलं. बारा गाई, त्यांचं दूध आणि त्यावर चालणारं दादाचं घर. बहिणीच्या शेतात गाई चारायला तो दोन वर्षं तयार नव्हता. "तुझं शेत म्हणजे झोपेतून उठलेल्या माणसाचं डोकं," असं म्हणायचा. शेवटी यंदा कबूल झाला. रोज तारेचं हलकं कुंपण सरकवून एक पट्टा चारायचा, दुसऱ्या दिवशी पुढचा. ठरवलं तसं अगदी नेमानं करत होता.

आणि काल बाईंनी त्याला सांगितलं होतं, "उद्या दुपारी कंपनीची माणसं येणार आहेत. तार काढून टाक, सगळ्या गाई वरच्या तुकड्यात सोड. फोटोत हिरव्यात छान दिसतील."

"वरच्या? तिथं अजून खायला आहे काय?"

"अरे सोड ना तू. मला कळत नाही का?"

"कळतं बाई. तुलाच कळतं," दादा म्हणाला होता आणि हसला होता.

लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही म्हण बाईंना त्या क्षणी आठवली नाही, मला आठवली म्हणून सांगितली. बाईंना काहीच आठवत नव्हतं. "मला जायला हवं," एवढं बोलून त्या दाराकडे निघाल्या आणि जाताना झोपलेल्याच्या पायाला अडखळल्या.

पायऱ्यांवरच त्यांनी फोन लावला. खूप वेळ वाजला. उचलला तो वहिनींनी.

"वन्सं होय? यांचा फोन इथंच राहिलाय चार्जिंगला."

"दादा कुठाय?"

"गाई घेऊन गेलेत तुमच्या शेतावर. मघाशीच. आज गाईंच्या अंगावरून हात फिरवून निघाले, म्हणाले, फोटो निघणार आहेत."

"वहिनी, जा. जाऊन सांगा, गाई बाहेर काढायला सांगा. हळू काढायला सांगा."

"अहो, माझे गुडघे. ओढा ओलांडून जायचं म्हणजे..." वहिनी थांबल्या. बाईंचा श्वास त्यांना ऐकू गेला असावा. "जाते मी," म्हणाल्या आणि फोन तसाच ठेवून गेल्या.

मग गुरांच्या डॉक्टरांना फोन. हा माणूस एरवी निम्मं वाक्य चेष्टेत घालवणारा, पण ज्वारीचं नाव काढल्याबरोबर गंभीर झाला. "त्यावरचं औषध आहे माझ्याकडे, पण थोडं आहे. निघतो. आणि ऐका, एकीलाही पळवायचं नाही. बसलेली असेल ती उठवायची नाही. विष अंगात असताना पळाली की जागीच जाईल."

बाईंनी स्कूटर काढली. नेहमीचा रस्ता, गॅरेज, पिठाची गिरणी, शाळेची भिंत; त्यातलं काही त्यांना दिसलं नाही. डोक्यात एकच हिशोब चालू होता. गाई आधी काय खातील? कोवळं खातील, दुसरं काय खातील. समोर मऊ आणि वाळकं दोन्ही ठेवलं तर माणूससुद्धा वाळकं खात नाही. त्यातून सकाळच्या भुकेल्या. बारापैकी किती? सगळ्या? सगळ्या गेल्या तर दादा काय करेल? वहिनी काय करतील? या वयात तो कुणाकडे कामाला जाणार? रेल्वेच्या फाटकाशी मालगाडीसाठी थांबावं लागलं, तेव्हा बाई स्कूटरवर बसून चक्क रडल्या. शेजारच्या ट्रकवाल्यानं खिडकीतून विचारलं, "काय झालं, ताई?" त्यांनी मान हलवली. सांगायचं तरी काय? डबे संपता संपत नव्हते.

शेताजवळच्या ओढ्याशी पोचल्या तेव्हा पहिल्यांदा त्यांना दिसल्या त्या वहिनी. ओढ्याच्या अलीकडेच एका दगडावर बसल्या होत्या, गुडघा धरून, आणि वर हात करत होत्या. वहिनी पोचल्याच नव्हत्या. पलीकडे तुकड्यात गाई विखुरलेल्या, माना खाली, शांत, आणि दादा बांधावर बसून एका बोटानं कान खाजवत होता. सगळं इतकं नेहमीचं दिसत होतं, की बाईंना क्षणभर वाटलं, आपण उगाच भ्यालो.

मग म्होरकी गाय चार पावलं चालली आणि तिचे मागचे पाय वाकले.

म्होरकी म्हणजे कळपाच्या पुढे चालणारी. दादानं तिला वासरू असताना बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. ती बसली नाही, कलंडली. दादा उठला आणि काठी घेऊन धावला.

"दादा, पळू नको," बाई ओढा ओलांडता ओलांडता म्हणाल्या. ओरडायचं होतं, पण ओरडायचंही नव्हतं, त्यामुळे तोंडातून धड आवाज निघेना. "कुणाला पळवू नको. गाई हळू बाहेर घ्यायच्यात. हळू."

"काय झालंय?"

"फुटवा. कोवळी ज्वारी. विष असतं त्यात."

दादानं बहिणीकडे पाहिलं. काठी खाली टाकली.

त्यानंतरचं जे काम होतं, तसं अवघड काम बाईंनी जन्मात केलं नव्हतं. अंगातला प्रत्येक स्नायू पळ म्हणतोय आणि चालायचं मात्र लग्नात मिरवल्यासारखं. एकेकीच्या मानेला हात लावायचा, पुटपुटायचं, तोंड फिरवायचं आणि बांधाकडे न्यायचं. काही गाई धापा टाकत होत्या, नाकपुड्या फाकलेल्या, तोंडाला फेस. एकीची हिरडी दिसली, लालभडक. मधूनच एखादी वळून पुन्हा खाली तोंड घालायची, कारण खाणं गोड होतं, आणि बाईंना आपल्या हातानं तिचं तोंड त्या हिरव्यातून वर ओढावं लागायचं. आपण पेरलेलं. आपण पाणी मोजून, माया लावून वाढवलेलं. एक काळी गाय बाईंच्या अंगावर रेलली आणि तशीच थरथरत उभी राहिली. बाईसुद्धा थरथरत होत्या. कोण कुणाला धरून होतं ते सांगता येणार नाही.

डॉक्टर आले, बूट ओढ्यातच भिजवून, धावत. म्होरकीजवळ गुडघ्यावर बसले, डोळा उघडून पाहिला आणि उठले. "ही गेली," म्हणाले आणि पुढच्या गाईकडे वळले. दादा तिथंच उभा राहिला. मग आपणहून पुढे होऊन दुसऱ्या गाईची मान धरायला लागला, सुई नीट जावी म्हणून. औषध पाच गाईंना पुरलं. दोघींची धाप कमी झाली, मग तिसरीची, चौथीची. बाकीच्यांनी फारसं खाल्लं नव्हतं, त्या बांधावर उभ्या राहून कान हलवत होत्या. पाचवी म्हणजे सर्वांत धाकटी, अजून एकदाही न व्यायलेली, तेवढी बसून होती आणि तिचं काय होईल ते डॉक्टर सांगत नव्हते.

एवढ्या वेळात दादा बहिणीशी एक शब्द बोलला नव्हता. बाई त्याच्या तोंडाकडे बघायचं टाळत होत्या. गाय मेली त्याचं दुःख होतंच, पण खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना सगळ्यांत जास्त भीती वाटत होती ती दादाच्या तोंडून काय निघेल याची.

आणि नेमकी तेव्हाच गाडी आली. दुपारी येणार म्हणाले होते, लवकर आले. कधी नव्हे ते. बियाण्यांच्या कंपनीच्या बाई, पायात नवेकोरे शेतात घालायचे बूट, आणि मागे कॅमेरा सांभाळणारा एक उंच माणूस.

"अगंबाई, हे काय?" म्होरकीकडे बघून कंपनीबाईंनी विचारलं.

मातीबाईंनी तोंड उघडलं. त्याआधी दादा बोलला.

"साप चावला," तो म्हणाला. "पान लागलं गाईला. होतं असं शेतात."

डॉक्टर खाली वाकून पेटी आवरत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"अरेरे," कंपनीबाई म्हणाल्या, मनापासून. मग कॅमेरावाल्याला, "आपण तिकडून घेऊ या. ही फ्रेममध्ये नको." आणि मातीबाईंना, "वाईट वाटून घेऊ नका. पोती छापून झाली. सोमवारपासून वाटप सुरू. एवढा पाऊस झालाय, लोक वाटच बघताहेत."

बाईंनी दादाकडे पाहिलं. तो जमिनीकडे बघत उभा होता. बाटलीनं पाजलेली गाय समोर पडली होती आणि हा माणूस बहिणीची अब्रू झाकत होता. गप्प राहणं किती सोपं होतं. डॉक्टर बोलणार नाहीत, वहिनींना सगळं ठाऊक नाही, दादा मरेपर्यंत साप म्हणत राहील. आणि सोमवारी पोती जातील. पावसानंतर फुटवा येईल. पोत्यावरच्या चेहऱ्यावर विश्वास ठेवून कुणीतरी तार काढून टाकेल.

सकाळपासून त्या भ्यालेल्या होत्याच, पण ही भीती निराळी होती, ही गप्प राहून गिळून टाकता येण्यासारखी होती.

"साप नाही," त्या म्हणाल्या. आवाज चिरका निघाला. त्यांनी वाकून फुटवा उपटला आणि पुढे धरला. "हा खाऊन मेली. मी सांगितलं म्हणून यानं गाई सोडल्या. तुम्हाला फोटो हवा होता आणि मला मिरवायचं होतं. पोती थांबवा. हे पोत्यावर चेहऱ्यापेक्षा मोठ्या अक्षरात लिहिल्याशिवाय एक पोतं जाता कामा नये."

"हे आत्ताच सांगायला हवं होतं का?" कंपनीबाई हळूच म्हणाल्या. कॅमेरावाला कॅमेरा खाली घेऊन उभा होता.

"गप बसता येत नाही तुला?" दादा म्हणाला. मग त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. "मी झाकत होतो ना? झाकत होतो ना मी?" त्यानं म्होरकीकडे हात केला. "माझी गाय मारलीस तू. मी विचारलं होतं तुला. मला कळत नाही का, म्हणालीस. मारलीस माझी गाय."

सगळ्यांदेखत म्हणाला. बाईंना वाटलं होतं, हे ऐकून आपण खाली बसू. त्या उभ्या राहिल्या.

"हो," त्या म्हणाल्या. "मारली."

दादा बाहीनं तोंड पुसत राहिला. मग वळून धाकटीकडे गेला आणि तिकडूनच म्हणाला, "उभी काय राहिलीस? इकडे ये. डोकं धर हिचं, खाली टेकू देऊ नको."

बाई जाऊन मातीत बसल्या. गाईचं जड डोकं त्यांनी मांडीवर घेतलं. मनगटावर तिचा श्वास लागत होता, गरम, तुटक. एक आला. मग पुढचा येईपर्यंत बाई आणि दादा दोघंही श्वास धरून बसले.