संताच्या मांडीतला धूर

संताच्या मांडीतून धूर निघत होता आणि अख्खी वस्ती त्या धुराखाली तोंड वासून उभी होती.

तोंड वासून म्हणजे खरोखरच वासून. फिलिपिन्समधली ही वस्ती, आणि सान रोके हा तिथला आजाऱ्यांचा संत. मूर्तीत तो झगा वर धरून मांडीवरची जखम बोटानं दाखवत असतो. त्या लाकडी जखमेतून पांढराशुभ्र, मोगऱ्याच्या वासाचा धूर भसाभस बाहेर येत होता आणि लोक एकमेकांना कोपरं मारून तो छातीत भरून घेत होते.

"ना आग, ना राख!" नुकताच वस्तीत उगवलेला प्रार्थनावाला ब्रदर एलिसेओ दोन्ही हात पसरून ओरडला. "बोट धरून बघा, चटका बसतो का? मनिलाच्या मोठमोठ्या डॉक्टरांनी इथे माना खाली घातल्या! संत तुमचा रोग ओढून घेतो आणि स्वतःच्या जखमेतून बाहेर टाकतो. पण ध्यानात ठेवा, गोळी आणि कृपा एका पोटात नांदत नाहीत!"

रोग बाहेर पडतोय तर तोच परत हुंगायचा कशाला, आणि मनिलाचे कुठले डॉक्टर, हे विचारण्याइतकी शुद्ध कुणालाच उरली नव्हती. मूर्तीच्या पायाशी वेताची टोपली होती. तीत लोक आपापली औषधं टाकत होते. नऊ दिवसांच्या प्रार्थनेचा हा आठवा दिवस. पाचव्या दिवशी तासिओ नावाचा जीपवाला भोवळ येऊन पडला आणि गेला, तेव्हा ब्रदर म्हणाला होता, "विश्वास कमी पडला." लोकांनी तेही मुकाट गिळलं.

रोसेंडा गर्दीत शिरली ती थोरल्या भावाला शोधत; त्याला ती कुया, म्हणजे दादा, म्हणे. टोपलीत तिला क्षयाच्या लालसर गोळ्यांची पाकिटं दिसली आणि तिचं डोकंच फिरलं.

"कुया पोन्सो, ह्या तुझ्या ना?"

"माझ्याच. ओरडू नकोस, प्रार्थना चाललीय."

"सहातले चार महिने झाले होते रे! मध्येच सोडल्या तर जंतू माजतात, मग ह्याच गोळ्यांना भीक घालत नाहीत. आरोग्य केंद्रातली नर्स घसा फोडून सांगत होती ना?"

"मला बरं वाटतंय, सेंडा."

"गोळ्या घेतल्यास म्हणून वाटतंय!"

पोन्सो खोकला, तोंड पुसलं आणि म्हणाला, "बाजारात बसून धूर विकणारीनं मला अक्कल शिकवू नये."

हे तिला झोंबलं, कारण ते खरं होतं. बाजाराच्या कोपऱ्यावर तिचं व्हेपचं, म्हणजे वाफेच्या ई-सिगारेटचं, दुकान होतं. सिगारेट सोडू पाहणारी माणसं यायची, तशी नुसती हौशीही यायची. कॉइल स्वतः बांधायची यंत्रं ही तिची खासियत. दर रविवारी ती नवख्यांना फुकट धडा द्यायची: स्क्रूड्रायव्हरवर तारेचे सात वेढे घ्या, दोन्ही टोकं स्क्रूखाली दाबा, तार मधल्या वेढ्यापासून टोकांपर्यंत सारखी लाल होते का बघा. मग कापूस ओवा, घट्ट नको, सैल नको. वर सुगंधी द्रवाचे आठ थेंब. आणि शेवटी दरवेळी तेच एक वाक्य: "पाच झुरक्यांनी पुन्हा थेंब टाका, नाहीतर कापूस जळेल."

ती जायला वळली आणि थबकली. लोला इस्का ही वस्तीतली सर्वांत जुनी आजी संतांची नामावळी म्हणत होती. दर नावाला लोक "आमच्यासाठी विनव" म्हणत आणि धुराचा एक लोट येई. पाच नावं झाली की ब्रदर हात वर करून तिला थांबवी आणि संताच्या मांडीत 'कृपातेल' टाकी. सेंडानं मोजले. आठ थेंब.

तिनं ब्रदरच्या चेहऱ्यावरून मनातल्या मनात दाढी पुसून टाकली. एल्मर! मार्चमध्ये धड्याला आला होता. "झुरका न घेता चालेल का? माशांच्या टाकीच्या पंपानं हवा दिली तर?" असं विचारत होता. आणि तिनं हसत हसत सांगितलं होतं, "चालेल की!" शिवाय स्वतःच्या हातानं बांधलेली कॉइल नमुना म्हणून दिली होती. घरी जाईपर्यंत ती त्याला शिव्या देत होती, त्याहून जास्त स्वतःला.

संध्याकाळी ती लोला इस्काकडे गेली.

"लोला, किती वर्षं नामावळी म्हणता?"

"पन्नास तरी झाली गं."

"कधी मध्ये थांबलात?"

म्हातारीचे डोळे बारीक झाले. "कधीच नाही. थांबणं म्हणजे संताचा अपमान. हाच एक मेला मला दर पाच नावांनी थांबवतो!"

"मग उद्या थांबू नका."

नवव्या दिवशी लोला इस्का सुरू झाली. पाचव्या नावाला ब्रदरनं हात वर केला. म्हातारीनं सहावं नाव घेतलं. ब्रदर बाटली घेऊन पुढे आला, तसे तिनं त्याच्यावर असे डोळे वटारले की तो जागच्या जागी थिजला. सातव्या नावाला धूरच आला नाही.

"संत रुसला की काय?" कुणीतरी म्हणालं. गर्दी कुजबुजू लागली. ब्रदरला घाम फुटला आणि त्याचा पाय पुन्हा चौथऱ्याच्या कापडाखाली सरकला. आठव्या नावाला धूर आला, पण पिवळट. नवव्या नावाला सगळ्या देवळात जळक्या कापसाचा घाणेरडा वास पसरला आणि पुढच्या दोन रांगा खोकून खोकून वाकल्या.

"सैतान शिरलाय इथे!" ब्रदर ओरडला.

"शिरलाय खरा. थांब, बाहेर काढते," सेंडा म्हणाली. तिनं मूर्ती फिरवून पाठीची फळी उचकटली.

आत बॅटरी होती, माशांच्या टाकीचा पंप होता, जखमेपर्यंत गेलेली नळी होती. आणि अंगठ्याएवढ्या वाटीत जळून काळा पडलेला कापूस, सात वेढ्यांच्या तारेत ओवलेला. वेढे उलट्या दिशेचे होते. सेंडा डावखुरी होती.

"ही कॉइल मी बांधलीय," ती म्हणाली. "पायाखाली बटण आहे. बटण दाबलं की तार तापते, कापसातल्या ग्लिसरीनची वाफ होते, पंप ती बाहेर ढकलतो. म्हणून राख नाही. आणि थेंब संपले की कापूस जळतो. माझ्या दुकानात हे फुकट शिकवते मी, आणि ह्या हरामखोरानं ते तुमच्या फुप्फुसांवर चालवलं! ही वाफ औषध नाही. मी विकते तीही नाही. आजाऱ्यानं तर तिच्या वाऱ्यालाही उभं राहू नये!"

"पण मला बरं वाटत होतं," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"तासिओलाही वाटत होतं!"

पळायला निघालेल्या ब्रदरची कॉलर जीपवाल्यांनी दारातच धरली आणि त्याला पोलिसांकडे नेलं. बाकीचे टोपलीकडे धावले. पण पाकिटं एकमेकांत मिसळली होती. नर्सला बोलवावं लागलं. ती जमिनीवर बसून एकेक नाव वाचत राहिली आणि लोक खाली मान घालून आपापलं औषध नेत राहिले. पोन्सोला तिनं बजावलं, "उद्या सकाळी थुंकीची तपासणी. कदाचित पहिल्यापासून सुरुवात करावी लागेल."

टोपलीच्या तळाशी रक्तदाबाच्या गोळ्यांचं एक पाकीट उरलं. नर्सनं नाव वाचलं. पुन्हा वाचलं. तासिओ.

कुणी पुढे आलं नाही. पोन्सोनं ते पाकीट उचललं आणि बहिणीकडे वळून पाहिलं.

"सेंडा, एकच फळी होती गं मध्ये. नऊ दिवसांत एकालाही ती उघडून बघावीशी वाटली नाही."

सेंडानं ती फळी पुन्हा बसवू दिली नाही. ती मूर्ती आजही तशीच, पाठ उघडी टाकून उभी आहे. आत काही नाही, हे कुणालाही बघता येतं. पुढचा कुणी ना आग ना राख म्हणत येईल, तेव्हा हात जोडायच्या आधी मागे जाऊन बघा. आणि तोवर आपल्या गोळ्या आपल्या खिशात ठेवा.