माझ्या सांध्यांतला पिवळा रंग

मित्रांनो, मी ढोल आहे, पण वाजवायचा नव्हे. मी हळद घोळायचा लोखंडी ढोल आहे. १९९३ साली वसमतच्या एका लोहाराने पत्रा वाकवून, जाळी ठोकून मला घडवलं. शिजवून वाळवलेली हळकुंडं माझ्या पोटात टाकत आणि मला गरगर फिरवत. घासून घासून त्यांची खडबडीत साल निघे.

माझे मालक चाँद पाशा. गिऱ्हाइकाला झगझगीत हळद लागते, म्हणून शेवटच्या फेऱ्यांना ते पिवळा रंग टाकत. आसपासचे बरेचजण टाकत. लोक म्हणत, "पाशाभाईंची हळद म्हंजे सोनं!" मी फुशारून जाई. तो रंग माझ्या सांध्यांत साचत होता, पण मला ती शोभाच वाटली.

पाशा वारले आणि त्यांच्या बायकोने, मदीनाबींनी, काम हाती घेतलं. २००५ साली तिथे अमृतराव आले. लहान व्यापाऱ्यांना परदेशी बाजाराचे नियम समजावून सांगणं हे त्यांचं काम. पोत्यावर बसून ते म्हणाले, "तिकडं मसाल्यात रंग सापडला, की माल बंदरातूनच परत येतो. तुम्ही इथले बाराजण हळदवाले एका नावानं माल धाडणार. एकाचा बिघडला तर बाराही बुडाले."

मदीनाबींनी त्याच दिवशी रंगाचे डबे बाहेर काढले. माझ्या मनात मात्र भीती शिरली. डबे गेले, पण माझ्या आतलं काय? हळकुंडं आपटली की सांध्यातून पिवळी धूळ झडायची. मला ती कळायची आणि थांबवता यायची नाही.

बाराही जणांच्या हळदीचे नमुने प्रयोगशाळेत गेले. आठ दिवस मी धास्तावलेला होतो. मग अमृतराव कागद घेऊन आले: अकराजणांची हळद स्वच्छ, मदीनाबींच्या हळदीत रंग आढळला.

मला चालवायची तांड्यावरची बेबीबाई. अकरा वर्षं तिचाच हात माझ्या कड्यावर. मदीनाबींनी तिलाच विचारलं, "काहून टाकला रंग, बेबी?"

"लेकरांची आन, भाबी! म्या चिमूटबी टाकला न्हाई."

"मग आला कुठून? उद्यापासून येऊ नको."

तिने माझ्या कड्यावरचा हात काढून घेतला. गुन्हेगार मी होतो आणि मला तोंड नव्हतं. एवढा मी कधीच भ्यालो नव्हतो.

बाराजणांपैकी एक, तातेराव, तिथेच होते. ते हळूच म्हणाले, "दुसऱ्याच्या हळदीचा नमुना पाठवा अन् हाच माल भरा. कोणाला कळून राहिलं?"

मदीनाबी भरलेली पोती मोजू लागल्या. त्या हो म्हणतात की काय, या धाकाने मी गारठलो.

तेवढ्यात अमृतरावांनी विचारलं, "बेबीबाई, हा ढोल धुता कसा?"

"ढोल? त्यो कवाच धुतला न्हाई, साहेब."

बोलता बोलताच ती थबकली. विळ्याच्या टोकाने तिने माझा सांधा खरवडला, कमरेच्या पानतंबाखूच्या चंचीतला ओला चुना त्यावर चोळला. हळदीला चुना लागला की ती लाल होते. वरची धूळ लाल झाली. खालचा थर पिवळाच राहिला.

"बघा भाबी. ही हळद न्हाई. हा पाशाभाईच्या येळचा रंग हाय."

मदीनाबींनी ते बोटावर घेतलं. मग तातेरावांना म्हणाल्या, "खोटा नमुना न्हाई जायचा. माझी पोती उतरवा. तुमचा माल जाऊ द्या." आणि बेबीबाईचा हात धरून म्हणाल्या, "मला माफ कर, बहन."

त्या वर्षी अकराजणांची हळद गेली, मदीनाबींची राहिली. पुढल्या हंगामाला नवा ढोल आला. बेबीबाई तो रोज धुऊन, पुसून, उन्हात वाळवू लागली. त्या हळदीचा कागद स्वच्छ आला.

मला काढून भिंतीला टेकवलं. आता अमृतराव कळमनुरीहून, वारंग्याहून व्यापारी आणतात आणि माझा सांधा दाखवतात. ते वाकून बघतात, तेव्हा आजही मला बेबीबाईवरचा तो आळ आठवतो.

मित्रांनो, माझी एक विनंती ऐका. तुमच्या कामाचं भांडं रोज आतून बघत जा. आणि ते न बघता, चालवणाऱ्या माणसावर आळ घेऊ नका.