एक मिनिट बावन्न सेकंदांचं लग्न

तुम्ही मनकर्णाबाईला 'सोबत राहणारी महिला' लिहिलंत. फाइलच्या तिसऱ्या पानावर, निळ्या पेनानं, खाली सही आणि शिक्का. नावही लिहिलं नाही. साडेदहा वर्षं एका माणसाचा डबा जिनं भरला, तापात जिनं त्याचे पाय चोळले, जिच्या दारातून तुमच्याच खात्याच्या लोकांनी त्याला खांद्यावर उचलून नेलं, ती तुमच्या लेखी सोबत राहणारी. त्या दिवशी तुमच्या ऑफिसातले चार जण हार घेऊन तिच्या घरी आले होते. हार कुणाच्या हातात दिला, विचारा त्यांना. तुम्हाला माहीत होतं आणि तरी तुम्ही तसं लिहिलं. हा माझा आरोप आहे, आणि मी खाली माझं नाव टाकून तो करतो आहे.

मी हेमराज. पुलगावात माझं लग्नाच्या शूटिंगचं दुकान आहे.

गजेंद्र तुमचा, पाणीपुरवठा खात्याचा माणूस. टाकीवरचा व्हॉल्वमन. पहाटे पाणी सोडायचं, दुपारी बंद करायचं, सत्तावीस वर्षं. मागच्या डिसेंबरात टाकीच्या शिडीखाली बसला तो उठलाच नाही. त्याच्या नोकरीच्या कागदांत बायको म्हणून सरिताचं नाव. सरिता दोन हजार अकरालाच गेली. म्हणजे तुमच्याकडे मेलेल्या बायकोची नोंद आहे आणि जिवंत बायकोची नाही. मनकर्णाबाई वारस म्हणून नाव लावायला गेली, तर तुम्ही म्हणालात, लग्नाची पत्रिका आणा, लग्नाचा फोटो आणा, नाहीतर कोर्टाचा कागद आणा.

पाटाला पत्रिका नसते, साहेब. विधवा बाईचं दुसरं लग्न लावतात त्याला आमच्याकडे अजून पाटच म्हणतात. मंगलाष्टकं नाहीत, अक्षता नाहीत, बँड नाही. चार म्हातारे, दोन बाया, ओटी, बांगड्या, मंगळसूत्र. झालं. फोटोवाल्याला कुणी बोलवत नाही, कारण पहिल्या लग्नाचे फोटो घरात असतात आणि दुसऱ्याची जाहिरात कुणाला नको असते. तिच्या आधार कार्डावर अजून पहिल्या नवऱ्याचंच नाव आहे. ते बदलायला गेली तेव्हाही लग्नाचा पुरावाच मागितला होता. दोघं परत आले आणि कामाला लागले. तिनं बाजारात भाजीचं दुकान मांडलं, त्यानं पाणी सोडलं.

पण या पाटाला फोटोवाला होता. मी होतो.

दोन हजार चौदाचा मे महिना. रोहण्याला गजेंद्रच्या पुतणीचं लग्न होतं, ते शूटिंग माझं. जेवणं उरकल्यावर, चार वाजता, त्याच मांडवात एका कोपऱ्यात यांचा पाट लावला. वेगळा मांडव कोण घालणार? मी रिकामाच होतो. कॅमेरा सुरू केला. चार मिनिटं बारा सेकंद. मग बंद केला, कारण बॅटरी एकच उरली होती आणि पुतणीची बिदाई बाकी होती. बिदाईत रडणं आलं नाही तर लोक भांडतात. पाटासाठी कोण भांडणार?

नंतर बाजारात मनकर्णाबाईनं मला तीनदा विचारलं. "भाऊ, आमची सीडी?" मी तीनदा म्हणालो, "काढून देतो ना." चौथ्यांदा तिनं विचारलं नाही. मेथीची जुडी मात्र नेहमी जास्तीची टाकायची.

ती फाइल माझ्या जुन्या लॅपटॉपमध्ये होती. दोन हजार बाराचा काळा लॅपटॉप. बिजागर तुटलेलं, मागे विटेचा टेकू, चार्जरची वायर रबरानं बांधलेली. आतमध्ये जुनी, फिरणारी हार्ड डिस्क. माझं दुकान आणि बंडूजींची आटाचक्की यांच्यामध्ये एकच भिंत आहे आणि माझा टेबल त्या भिंतीला टेकलेला. चक्की सुरू झाली की टेबलावरच्या ग्लासातलं पाणी थरथरतं. तो लॅपटॉप तेरा वर्षं त्याच टेबलावर होता. होळीपासून एक टकटक ऐकू यायची. मला वाटायचं, चक्कीचीच असेल. मग एक दिवस पट्टा तुटला म्हणून चक्की दिवसभर बंद होती आणि टकटक सुरूच होती. तरी मी काही केलं नाही. दुसरा, नवीन लॅपटॉप होता ना कामाला.

तुमचा कागद घेऊन मनकर्णाबाई दुकानात आली ती महालक्ष्म्यांच्या आधी. उभीच राहिली.

"भाऊ, तेव्हा तुमी काढलं होतं ना थोडंसं?"

"हाव. आहे ना."

मी जुना लॅपटॉप सुरू केला. वीस मिनिटांनी पडदा आला. फोल्डर उघडायला आणखी दहा. फाइलचं नाव दिसलं. 'रोहणा पाट'. दाबलं, तर टक, टक, किर्र, आणि सगळं गोठलं. तिनं विचारलं, "खराब झालं का?" मी म्हणालो, "नाई, जुना हाय, वेळ लागते." एवढं खोटं मीही बोललो. वर्ध्याला प्रफुल लॅपटॉप दुरुस्त करतो, त्याला फोन लावला.

"आवाज ऐकव," तो म्हणाला. मी फोन लॅपटॉपला लावला.

"बंद कर. आत्ताच्या आत्ता बंद कर. दुसरीकडं कॉपी ठेवली हाय का?"

ठेवली नव्हती. मी बटण दाबून लॅपटॉप बंद केला.

"वा रे शूटिंगवाले! 'आयुष्यभराच्या आठवणी जपून ठेवा' म्हनून पाटी तुह्याच दुकानावर हाय ना बे?"

दुसऱ्या दिवशी दुपारी तो आला. लॅपटॉप उलटा करून स्क्रू काढले, डिस्क बाहेर काढली, आपल्या मशीनला जोडली. हाताच्या पंजाएवढी चपटी डबी. टेबलावर ठेवली आणि तिच्यावर बोटं टेकवली. मग माझ्याकडे पाहिलं.

"टेबल काऊन हालून राह्यला?"

"चक्की."

"इतके वर्षं अठीच ठेवला होता?"

"हाव."

"मंग चक्कीनंच खाल्ली ना हे." तो हसला नाही. "ऐक. आत एक सुईसारखं अस्ते, ते चकतीवर फिरते. ते थकलं आता. पूर्ण डिस्क नाई येत. एकच फाइल सांग, तेवढी ओढतो. पह्यले चक्की बंद कर, नाईतं मी हात लावत नाई."

महालक्ष्म्या दोन दिवसांवर. बंडूजींकडे डब्यांची रांग पार रस्त्यापर्यंत. मी आत जाऊन सांगितलं, दोन घंटे चक्की बंद ठेवा.

"भांग पेऊन आला का बे?" बंडूजी पिठानं पांढरे झालेले. "लोकायचं दळण का तुह्या डोक्यावर दळू?"

"मनकर्णाबाईचं काम हाय, बंडूजी. पाटाची शूटिंग."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग जाऊन खटका पाडला. पट्टा फटफटत थांबला. रांगेकडे वळून म्हणाले, "दोन घंटे बंद. ज्याले घाई हाय त्यानं दुसरी चक्की पाहावी." कुणी गेलं नाही. डबे तिथंच ठेवून अर्धी रांग माझ्या दुकानाच्या दारात येऊन उभी राहिली. मनकर्णाबाई आत स्टुलावर बसली होती. मांडीवर तुमचा कागद.

प्रफुलनं सुरू केलं. पडद्यावर छोटे छोटे चौकोन. आलेला हिरवा, न आलेला लाल. सुरुवातीला हिरवे भराभर आले. मग एकेक. मध्येच टक, आणि दहा मिनिटं काहीच नाही. दारातल्या बायांत अन्नपूर्णाबाई होत्या. मूळच्या रोहण्याच्या, मुलगा-सून इथं राहतात म्हणून आता इथं. त्या बोलल्या.

"मी होती ना त्या मांडवात. पोळ्या म्याच लाटल्या. त्या साहेबाले काय पाह्यजे? मी सांगतो ना तोंडानं."

"लिहून द्याल?" मी विचारलं.

"देतो. घाबरतो का?" मग माझ्याकडे बोट. "पन तू त कॅमेरा घेऊन उभा होता. तू काऊन नाई काढलं सगळं?"

"बॅटरी ठेवाची होती."

"कोनासाठी?"

"बिदाईसाठी."

"हाव," त्या म्हणाल्या. "तिचं लगन तीन वर्षांत मोडलं. त्याची सीडी हाय ना अजून?"

आहे. ती सीडी आहे. कव्हरवर सोनेरी अक्षरं आहेत.

दीड तासानं प्रफुलनं डिस्कवर तळहात ठेवला आणि तसाच राहिला. टकटक थांबली होती. मला बरं वाटलं, तेवढ्यात त्यानं मान हलवली.

"गेली."

"किती आली?"

"सुरुवातीची आली. मंगची नाई. आता कोनीच नाई काढू शकत, मोठ्या शहरातला सांगत असला तरी."

शेजारी कुणी डबा सरकवला, तो आवाज मोठा वाटला. नशीब एवढंच की त्या कॅमेऱ्याची फाइल अर्धी आली तरी जेवढी आली तेवढी चालते. प्रफुलनं ती पेन ड्राइव्हवर घेतली, मला मोबाइलवर दिली आणि मग लावली.

मांडवाचं कापड. खुर्च्या. एक म्हातारा धोतर सावरतो. पाटावर मनकर्णाबाई, हिरवं लुगडं, खाली पाहते आहे. शेजारी गजेंद्र, नवा शर्ट, घडीची रेघ अजून दिसते. एक बाई बांगड्या भरते, एक फुटते, कुणीतरी म्हणतं दुसरी घे. गजेंद्र कपाळ पुसतो. मग कॅमेऱ्याच्या बाजूला कुणाला तरी हाक मारतो.

"अबे, त्या पंख्याचं तोंड इकडं कर ना. माह्या बायकोले घाम येऊन राह्यला."

एक मिनिट एकतीस सेकंद. त्यानंतर ओटी भरायला सुरुवात होते. तांदूळ, खोबऱ्याची वाटी. एक मिनिट बावन्नला चित्राचे तुकडे होतात आणि संपतं. मंगळसूत्र तिसऱ्या मिनिटाला होतं. मला आठवतं. तिच्या केसांत अडकलं होतं, त्यानं सोडवलं. ते आता कुठंच नाही.

मनकर्णाबाई म्हणाली, "अजून एक बार लावा, भाऊ."

लावलं. परत लावलं. चौथ्यांदा ती म्हणाली, "त्या मांडववाल्यानं पंखा फिरवलाच नाई मंग." आणि थोड्या वेळानं, "आवाज असा बारीक होता का त्याचा? मले वाटे, भारी होता."

रडली वगैरे नाही. पदरानं स्टूल पुसलं, का ते माहीत नाही, आणि दुकान मांडायची वेळ झाली म्हणून निघून गेली. बंडूजींनी खटका वर केला. टेबल हलायला लागला. मी टेबल भिंतीपासून ओढून मध्ये घेतला. आता ओढला.

पुढचं तुमच्यासमोरच झालं, तरी लिहितो, कारण तुम्ही ते फाइलला लावलेलं नाही.

आम्ही दोघं एसटीनं वर्ध्याला आलो. तुमच्या कॉम्प्युटरला पेन ड्राइव्ह लावायची परवानगी नव्हती. मी मोबाइल पुढे केला. तुम्ही तो हातात घेतला नाही. टेबलावर ठेवायला सांगितला आणि चहा पीत पाहिलं. पूर्ण पाहिलंही नाही.

"यात लग्न कुठं आहे?"

मी अन्नपूर्णाबाईचा जबाब दिला.

"या कोण? नातेवाईक?"

"नाही. पोळ्या करायला होत्या."

"विधी पाहिला?"

"चुलीजवळ होत्या."

"म्हणजे नाही पाहिला."

मी म्हणालो, साहेब, तो बायको म्हणतो, ऐका. मी आवाज वाढवला. पंख्याचं तोंड इकडं कर. तुमच्या मागच्या टेबलावरचा माणूस हसला. तुम्ही कप खाली ठेवला आणि विचारलं, "हे मंगळसूत्र घालायच्या आधीचं ना?"

"हो. ते पुढच्या भागात होतं. तो भाग गेला."

"मग हे बोलला तेव्हा ती त्याची बायको नव्हतीच. पुढचं प्रकरण."

मनकर्णाबाई म्हणाली, "हाव जी." बाजारात गिऱ्हाइकाला म्हणते तसं. कागदाची घडी केली, पिशवीत ठेवली. परतीच्या गाडीत तिला खिडकी मिळाली. पुलगाव येईपर्यंत ती एकच बोलली, की टोमॅटो आज कोण मांडेल दुकानात.

साहेब, माझं मी वर लिहिलं. कॅमेरा मी बंद केला. सीडी मी दिली नाही. टकटक ऐकून मी गप्प बसलो. दोन मिनिटं वीस सेकंद माझ्या हातून गेली, ते मी मान्य करतो, सहीनिशी, कुठंही. एक यंत्र मेलं आणि त्यात जे होतं ते गेलं.

तुमचं काय मेलं होतं?

तुम्ही म्हणता, एक मिनिट एकतीस सेकंदाला ती त्याची बायको नव्हती. बरं. नंतर साडेदहा वर्षं तिनं त्याच्यासोबत काढली, त्यातल्या कोणत्या दिवशी, किती वाजता ती बायको झाली? कधीच झाली नसेल तर तसं लिहा. 'सोबत राहणारी' नको. तिचं पूर्ण नाव लिहा, पुढे लिहा की ही बाई गजेंद्रची कुणीही नव्हती, आणि खाली तुमचं पूर्ण नाव लिहा. तो कागद मी बंडूजींच्या चक्कीवर चिकटवतो, रांगेतल्या लोकांना वाचू दे.

त्या भेटीला पंधरा दिवस झाले. लेखी विचारतो आहे, लेखी सांगा. कितव्या मिनिटाला?