घमेल्याखालचा माग

विंचूरजवळ उसाच्या बांधावर बहिरू गळा फाटून पडला होता आणि त्याच्या थोरल्या भावाला, धोंडीरामला, धड रडूही कुणी दिलं नाही. गावाला बिबट्या हवा होता. उसाला तिन्ही बाजूंनी आग लावली. होरपळलेली मादी बाहेर पडताच काठ्या, पहारी, दगड, जे हाताला येईल ते तिच्यावर पडलं. ती मेल्यावरही पोरं मारतच होती, वर मोबाइल धरून.

धोंडीरामला किळस आली. उभा जन्म त्यानं जनावरांचे माग काढले होते. आपल्याला जे वाटतं ते खोटं ठरवणारी खूण आधी शोधायची, ती नाहीच सापडली तर तोंड उघडायचं, ही त्याची रीत. मुलाला, अमोललाही त्यानं हेच शिकवलं होतं.

बिबट्याचा ठसा दिसला की वनखात्याची माणसं येईपर्यंत त्यावर घमेलं पालथं घालायचं, असा गावाचा शिरस्ता. ते अमोलनंच घातलं होतं. "उजाडल्यावर आलो, काका दिसले, लगेच घमेलं घातलं. त्याआधी इकडं फिरकलोच नाय," असं तो सगळ्यांना सांगत होता.

धोंडीरामनं घमेलं उचललं. ओल्या मातीत पंजा ठसठशीत उमटला होता, पण चपलेच्या ठशावर. चपलेच्या टाचेला चौकोनी ठिगळ होतं. ते त्यानंच अमोलला ठोकून दिलं होतं.

जीव तोडून तो उलटी खूण शोधू लागला. सकाळी अमोल घमेलं घालून गेल्यावर बिबट्या आला असेल? पण पालथ्या घमेल्याखाली जनावर पाय कसा ठेवणार? म्हणजे आधी अमोल, मग बिबट्या, मग घमेलं; अमोल रात्रीच इथं येऊन गेला होता. त्यानं प्रेताची मान वळवून पाहिली. दातांनी फाडलेल्या मांसाखाली हाडावर कोयत्याचा सरळ घाव होता. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून काका-पुतण्यांची परवाच जुंपली होती.

"आबा, ठशावरून पाय फिरवा," मागून अमोल हळूच म्हणाला. "कुणी बघत नाय. तुमचा एकुलता हाय मी."

"बहिरूबी माझ्याच आईचा व्हता."

धोंडीराम घमेलं पालथं घालून त्यावर बसला. अमोलचा कोयता खांद्यात रुतला तरी उठला नाही. दुसऱ्या घावाला लोक धावले. त्यांनी अमोलला खाली पाडलं आणि मघाच्याच रक्ताळलेल्या काठ्या उगारल्या.

"थांबा," धोंडीराम म्हणाला. त्याचं रक्त घमेल्यावरून मातीत ओघळत होतं. "तिला न बघता मारलंत. याच्या वेळी तरी आधी माग बघा."