विनोदिनीबाईंचा पाट

मी एक जुना सागवानी पाट आहे, मित्रांनो. धारच्या सुताराने मला घडवले, पितळी फुल्या ठोकल्या, आणि विनोदिनीबाईंबरोबर मी देवासला सासरी आलो. तेव्हा देवासात कुणी मोटार पाहिली नव्हती.

विनोदिनीबाई माझ्यावर बसून जेवत. अंगाने भरलेल्या, हसऱ्या. पाटाला माणसाचे वजन कळते.

बरीच वर्षे झाली तरी घरात मूल होईना. सासूबाई, माई, स्वभावाने वाईट नव्हत्या, पण नातवासाठी झुरत. त्यांनी सुनेला सोमवार धरायला लावला, मग गुरुवार, मग शुक्रवार. उरलेल्या दिवशीही काळजीने घास उतरत नसे. माझ्यावरचा भार हलका होत गेला.

विनोदिनीबाईंचे यजमान प्रतापराव दरबारात कामदार, म्हणजे कारभार पाहणारे अधिकारी होते. कामाची धास्ती मोठी. ती विसरायला ते रोज आपले मित्र फत्तेसिंग यांच्या बैठकीत दारू पीत, हुक्का ओढत, जागत. त्यांना मात्र कुणी एकही उपास सांगितला नाही.

एका श्रावणात विनोदिनीबाईंचे महिन्याचे बाजूला बसणे थांबले. घर आनंदले. माईंनी माझ्याभोवती रांगोळी काढली, सुनेला शिरा भरवला. पण महिने गेले, आणि पोट काही दिसेना. शेवटी वैद्य नारायणराव आले.

नाडी पाहून ते म्हणाले, "माई, पोटात मूल नाही. अन्नही नाही. उपासाने आणि घोराने देह सुकला, म्हणून विटाळ थांबला. हिला जेवू घाला, झोपू द्या. आणि दर महिन्याला विचारू नका."

मग वैद्य प्रतापरावांकडे वळले.

"प्रतापराव, तुमचीही नाडी पाहू द्या. दारू, तंबाखू, जागरण यांनी पुरुषाचं बीजही क्षीण होतं."

"दोष बाईतच असतो, वैद्यबुवा," प्रतापराव म्हणाले, आणि पगडी घालून निघून गेले.

पुढच्याच वर्षी त्यांनी धारची कमल दुसरी करून आणली. विनोदिनीबाईंनीच तिला ओवाळून आत घेतले. कमलचीही कूस उजवली नाही. मग तिनेही सोमवार धरला.

एका सोमवारी विनोदिनीबाईंनी तिचा हात धरून तिला माझ्यावर बसवले आणि पुढ्यात भाकरी वाढली.

"जेव."

"अक्का, व्रत मोडेल."

"मोडू दे. मी सगळी पाळली."

कमल रडत रडत जेवली. प्रतापरावांनी बैठक सोडली नाही, नाडीही दाखवली नाही. चाळिशीच्या आतच ते खोकून खोकून गेले.

आता मी माळ्यावर आहे. एका कडेला चिरलो आहे, फुल्याही गळल्या आहेत. मित्रांनो, मूल होणे सर्वस्वी कुणाच्याच हातात नसते. पण ज्या घरी ते होत नाही, तिथे एकटीलाच उपाशी बसवू नका. दोघांनाही वैद्याकडे न्या. दोघांनाही पोटभर जेवू द्या, शांत झोपू द्या. आमच्या घरी हे कळले, पण फार उशिरा.